माझ्या डोक्यावर पडलेले शुभेच्छुक

माझी कवटी ज्याच्यामुळं फुटली त्याचा त्या दिवशी वाढदिवस होता. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तसं लिहिलेला बॅनरच माझ्या डोक्यावर पडला.

त्या माणसाला आमच्याकडं सगळे भाऊ म्हणतात. मीही भाऊच म्हणेन. खरं नाव सांगत नाही, आणि सांगायची गरजही नाही. वर्षातले बाराही महिने ते नाक्यानाक्यावर टांगलेलंच असतं. सण असो, सुतक असो, कुणाच्या पोराला दहावीला पस्तीस टक्के मिळोत, भाऊ हात जोडून उभा. वडप्याकडच्या शेतांची गोडाऊनं झाली तेव्हा हा मधला दलाल होता. आमचं शेतही ह्याच्याच मध्यस्थीनं गेलं, आणि माझा नवरा आता त्याच शेतावरच्या गोडाऊनला वॉचमन आहे. बांधावर बसायचा तो गेटवर बसतो. भाऊची मात्र दर दोन वर्षांनी नवी गाडी येते.

मी सुकी मासळी आणि मसाला विकायची. आमच्या भिवंडीत माझ्या मसाल्याला नाव होतं. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, धने-बडीशेप-दगडफूल सगळं वेगवेगळं भाजायचं, मग डंकावर कांडून आणायचं. भाजताना मी घड्याळ बघत नसे. धन्याचा वास फिरला की उतरवायचे, बस्स. लग्नघरांतून हळदीच्या जेवणाला माझाच मसाला लागायचा, आणि हळदीला आमच्यात किती माणूस जेवतं हे ज्यानं आमची हळद पाहिली त्याला सांगायला नको.

तर त्या सकाळी मी बोंबलाची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडं निघाले होते. कामतघरच्या रस्त्याला वळताना नाका लागतो, तिथं दोन खांबांच्या मध्ये भाऊचा बॅनर होता. बॅनर म्हणजे नुसतं कापड नव्हे, मागं जाड लाकडी चौकट. मी त्याच्या खाली आले आणि वारा आला. पुढचं मला आठवत नाही. लोक म्हणतात पाटी होती म्हणून वाचलीस, नाहीतर जागच्या जागी कपाळमोक्ष होता. बोंबलांनी जीव वाचवला माझा. नाक्यावरच्या कुत्र्यांचा त्या दिवशी सण झाला म्हणे. कुणाचा तरी झाला.

आधी इथल्या दवाखान्यात, मग तिथून ठाण्याला. स्कॅन काढलं. कपाळापासून टाळूकडं कवटीला तडा गेलेला. डोकं भादरलं, टाके घातले, नळ्या लावल्या. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं काय दिसलं असेल? भाऊ! तोच, बॅनरवरचा, पण ह्या वेळी फळांची करंडी घेऊन. शेजारी फोटो काढणारा.

"मावशी, काय काळजी करू नका. मी हाय ना."

मला वाटलं मी मेले, आणि वर गेल्यावरही हाच आहे. फोटो काढून झाल्यावर ते निघून गेले. करंडीतलं एक सफरचंद सडकं होतं, ते नवऱ्यानं कापून उरलेलं खाल्लं.

हवालदार जबाब घ्यायला आला. चांगला माणूस होता, चपला बाहेर काढून आला. त्यानं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: अज्ञात इसमाने लावलेला बॅनर. मी म्हटलं, अहो, अज्ञात कसा? त्याचं तोंड माझ्या दारापेक्षा मोठं छापलंय, खाली नाव, पदवी, आणि पदवी नाही ती 'भावी' म्हणून. हवालदार म्हणाला, "मावशी, फोटो त्यांचा आहे हो. पण लावला कोणी, ते कुठं लिहिलंय?" मला टाके ताणले जायचे म्हणून हसता येत नव्हतं, नाहीतर हसले असते.

घरी आले. लोक बघायला यायचे, केळी आणायचे आणि डोक्याकडं बघून च्‌ च्‌ करायचे. महिन्याभरानं मी उठून कामाला लागले. पहिली कढई ठेवली, धने टाकले आणि हलवत बसले. वास काही फिरेना. म्हटलं आच कमी असेल, वाढवली. नवरा ड्युटीवरून आला तो दारातूनच खोकत, "अगं, घर पेटलंय का काय?" कढईत बघते तर धने कोळसा झालेले, घरभर धूर, आणि मला काही नाही. मी वाकून कढईत नाक घातलं. काही नाही. मग मी घरभर फिरले. बोंबील हुंगले, रॉकेलचा जुना डबा हुंगला, अत्तराचा फाया, शेवटी गटारावर जाऊन उभी राहिले. भिवंडीचं गटार! त्याचा वास ज्याला येत नाही त्याचं नाक गेलं, ह्याला डॉक्टर कशाला हवा?

तरी डॉक्टरकडं गेले. तो म्हणाला वासाच्या बारीक नसा कपाळामागच्या हाडातून नाकात उतरतात, हाडाला मार बसला की त्या तुटतात. परत येतील का? "येतातही कधीकधी. वाट बघा." वाट बघितली. एका हळदीला अंदाजानं मसाला करून दिला, तो परत आला. बोंबलांची एक गोण दमट होऊन कुजली, मी ती तशीच बाजारात मांडून बसले आणि गिऱ्हाईक नाक धरून माझ्याकडं बघत राहिलं. इतक्या वर्षांत कुणी माझ्या मालाला नाक मुरडलं नव्हतं. त्या दिवशी पाटी उचलून घरी आले ती परत बाजारात गेले नाही. खूप रडले. रडण्याचं कारण विचारायलाही घरात कुणी थांबलं नाही, एक ड्युटीवर, दुसरा भाऊच्या ऑफिसात.

दुसरा म्हणजे माझा लेक. एकुलता एक. वय पंचवीस, काम भाऊच्या मागं फिरणं. भाऊ गोडाऊनला माणसं पुरवतो, आणि हा भाऊला टाळ्या पुरवतो. गळ्यात भाऊनं दिलेला रुमाल, डोळ्यांवर रात्रीसुद्धा गॉगल. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात, पण ह्याला पोळीही घरी मीच घालत होते.

मी ठरवलं, भरपाई मागायची. भीक नाही, मदत नाही. ज्याच्या बॅनरनं माझं नाक नेलं त्यानं कोर्टात उभं राहून म्हणायचं, हो, बॅनर माझा होता. मग पैसे. माझा धंदा गेला होता, पैसे मला हवेच होते, खोटं कशाला बोलू? पण आधी ते वाक्य हवं होतं.

वकीलबाई तरुण होती. कपड्याच्या दुकानावर माडीवर ऑफिस, जिन्यात अंधार. बोलायची कमी. मी सगळं सांगितल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बॅनर त्याचा आहे हे सिद्ध कसं करणार?" मी म्हटलं, बाई, तुम्हीपण? ती म्हणाली, "मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे. कोर्टाला माहीत नाही." कोर्ट भिवंडीत राहत नाही की काय, देव जाणे.

दावा लागला आणि भाऊचं उत्तर आलं. भाऊला म्हणे त्या बॅनरची कल्पनाच नव्हती. अज्ञात चाहत्यांनी प्रेमापोटी परस्पर लावला असावा. वाचून दाखवताना वकीलबाईचाही आवाज बदलला. कानावर हात ठेवावे तर असे! प्रेमापोटी लावला. म्हणजे माझं डोकं फुटलं ते प्रेमानं.

"मग चाहत्यांनाच धरू," वकीलबाई म्हणाली. कुणीतरी मोबाईलवर काढलेला बॅनरचा फोटो मिळाला होता. वर भाऊ, आणि खाली तीन ओळींत शुभेच्छुक, पासपोर्टाएवढी तोंडं, प्रत्येकाखाली टोपणनाव. ती एकेकावर बोट ठेवत गेली आणि मी कोण कुठला ते सांगत गेले. शेवटच्या ओळीत डावीकडून दुसरा, गॉगलवाला. तिचं बोट थांबलं. "हा कोण?"

"माझा पोरगा," मी म्हटलं.

खालून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण दांडा आपल्याच घरी जेवायला असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

नोटिसा गेल्यावर शुभेच्छुकांची जी पळापळ झाली ती बघण्यासारखी होती. आदल्या वर्षापर्यंत फोटो वरच्या ओळीत घ्या म्हणून भांडणारे, आता म्हणे फोटो न विचारता टाकला. एकजण म्हणाला तो मी नव्हेच, माझ्यासारखा दिसणारा दुसरा कुणी आहे. त्यासाठी त्यानं मिशी काढली. इतक्या वर्षांची मिशी, बायकोला ओळखता येईना! आणखी एकजण चक्क गावदेवीच्या देवळात शपथ घ्यायला तयार झाला, पण देवळापर्यंत चालत जायला तयार होईना. ह्या असल्या मर्दांच्या जिवावर भाऊ उद्या आमच्यावर राज्य करणार आहे.

माझ्या घरातली तऱ्हा वेगळी नव्हती. नवरा म्हणाला, "सोताच्या पोराला कोर्टात खेचतेस? डोकं ठिकाणावर हाय का तुझा?"

"न्हाय ना," मी म्हटलं. "त्याचीच केस हाय."

लेक ताटावर मान खाली घालून बसलेला. मी विचारलं, "बॅनर कुणी बांधलेला रे?"

"मना न्हाय म्हायती, आये."

एवढं बोलून त्यानं भात कालवला. हा पोरगा लहानपणापासून खोटं बोलला की भात फार कालवतो. मी बघत राहिले. नुसता चिखल केला भाताचा, आणि खाल्ला नाही.

कोर्टात तारखा पडत गेल्या. भाऊचा वकील जाडजूड, तोंडात सतत वेलची. माझ्या उलटतपासणीला त्यानं सुरुवातच अशी केली, "बाई, तुम्ही घरी स्वयंपाक करता?"

"करते."

"मग वास येत असणारच."

"मीठ हातानं घालते साहेब, नाकानं न्हाय."

न्यायाधीश म्हणाले, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या. बरं. मग ह्या शहाण्यानं काय करावं? काळ्या कोटाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, गाठ सोडली आणि माझ्या नाकाशी धरली. जवळा! चांगला झणझणीत सुका जवळा, बाजारातून आणलेला. ह्याचा डाव असा, की वास आला तर मी तोंड वाकडं करीन आणि सापडेन. मेल्याच्या घरात मासळी शिजत नसणार. अरे, जी बाई आयुष्यभर सुकटीच्या पाट्यांत बसली ती नाक शाबूत असतानाही जवळ्याला तोंड वाकडं करील का? तो तिच्या पोटापाण्याचा वास! मी आपली शांत उभी. पण बाकी कोर्टात हाहाकार. कारकुनानं रुमाल लावला, मागच्या बाकावरच्या दोन बाया उठून बाहेर गेल्या, आणि न्यायाधीशांनी वकिलाला असं झापलं की त्याची वेलची गिळली गेली. पिशवीची गाठ त्याला घाईत बसेना. नंतर अख्खा दिवस त्याचा कोट घमघमत होता म्हणे. मला कसं कळणार?

हसून घेतलं, पण वकीलबाई जिन्यात म्हणाली ते ऐकून हसू गेलं. नाक गेल्याचं डॉक्टर सांगेल. कवटी फुटल्याचं स्कॅन सांगेल. बॅनर भाऊचा होता हे सांगणारा एकही माणूस अजून नाही, आणि तो मिळाला नाही तर दावा गेला. "तुमचा मुलगा बोलेल का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, त्याच्यापेक्षा ती चौकट लवकर बोलेल.

मग निवडणुकीचे वारे वाहू लागले आणि भाऊला माझी आठवण आली. एका संध्याकाळी तो घरी आला, बरोबर दहा-बारा माणसं, शाल, नारळ, एक पाकीट आणि तोच फोटो काढणारा. नवऱ्याला आधी ठाऊक होतं. त्यानं नवा शर्ट घातलेला बघून मला कळायला हवं होतं. मला खाटेवर बसवलं. भाऊनं शाल घातली. "मावशी माझ्या आईसारखी हाय," तो म्हणाला. त्याची आई गावाला एकटी राहते आणि तिला विहिरीवरून पाणी कोण आणून देतं ते मला माहीत आहे, पण घरी आलेल्या माणसाला काय बोलायचं?

फोटो काढणारा म्हणाला, जखम दिसत नाहीये. माझ्या डोक्यावर टाक्यांच्या जागी केस आलेच नाहीत, तिथं पट्टा आहे टकलाचा. मी बाहेर पदराशिवाय जात नाही. मी ऐकलंच नाही असं केलं. तेव्हा लेक पुढं आला, माझ्या शेजारी वाकला आणि हळूच म्हणाला, "आये, जरासा पदर मागं घे ना."

मी त्याच्याकडं बघितलं. गॉगल होता, डोळे दिसले नाहीत. मी हललेच नाही. त्यानं स्वतःच्या हातानं माझा पदर मागं केला. खटखट फोटो निघाले. त्या क्षणी मला त्या पोराची इतकी किळस आली की मी सांगू शकत नाही. पोटचा होता म्हणून, दुसरा असता तर नारळ त्याच्याच डोक्यात फोडला असता.

पाकीट मी उघडलं नाही. सकाळी ते तसंच वकीलबाईकडं द्यायला निघाले. नाक्यावर पोचले तर पानवाला ओरडला, "मावशी, तुमचा फोटो आलाय! झकास आलाय!" वर बघितलं.

तेच दोन खांब. तशीच लाकडी चौकट. डावीकडं भाऊ हात जोडून, उजवीकडं मी, टक्कल उघडं, आ वासलेली, गळ्यात शाल. आणि मध्ये माझ्या हाताएवढ्या अक्षरांत: 'आमच्या बॅनरमुळे जखमी झालेल्या मातेला मदतीचा हात. माणुसकी जपणारे आपले भाऊ.' खाली शुभेच्छुक. मिशीवाला परत आलेला, जुन्या मिशीसकट. माझा लेक एक ओळ वर सरकला होता.

लोक थांबून माझं अभिनंदन करत होते. कुणी म्हणे, नशीब काढलंस गो बाई. मी ते अक्षर न अक्षर परत वाचलं. आमच्या बॅनरमुळे. वर्षभर कोर्टात शपथेवर नाही-नाही म्हणणारा माणूस भर चौकात, दिवसाढवळ्या, रंगीत छपाईत हो म्हणून उभा होता. बॅनरशिवाय ह्या लोकांना उपकारही करता येत नाहीत! चोरी केली तर तीही छापून लावतील, 'यशस्वी चोरीबद्दल हार्दिक अभिनंदन.' मी तिथूनच वकीलबाईला फोन केला. ती रिक्षा करून आली, चारही बाजूंनी फोटो काढले, पानवाल्याला साक्षीला धरलं. पहिल्यांदाच तिला हसताना बघितलं, दात छान आहेत तिचे.

ती गेल्यावर मी बॅनरच्या खाली उभी राहिले. तेव्हा दिसलं. चौकट खांबाला तारेनं बांधली होती. जाड, नवी तार, चारही कोपऱ्यांना, पिळून पिळून, आणि वर आणखी आडवा वेढा. पहिला बॅनर पडला तेव्हा त्याच्या कोपऱ्याला सुतळी लोंबत होती, हे हवालदारानं लिहिलं होतं.

घरी येऊन लेकाला उठवलं. "नवा बॅनर कुणी बांधला?"

"मी."

"तारेनं?"

तो उठून बसला. गॉगल नव्हता. "आये, ह्यो पडाचा न्हाय आता."

बस्स, एवढंच. पहिला कुणी बांधला हे मला वेगळं विचारावं लागलं नाही. मग मी विचारलं, "मजकूर कुणी लिवला?"

"मीच. भाऊ काय वाचत न्हाय, नुसता फोटो बघतो."

"आमच्या बॅनरमुळे, असं लिवलंस?"

"मंग कुणाच्या बॅनरमुळे?" तो म्हणाला आणि मोबाईल बघायला लागला.

माझा पोरगा फार हुशार आहे की ठार बावळट, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि आजही कळलेलं नाही. त्याला विचारलं तर खांदे उडवतो.

कोर्टात बॅनरचे फोटो दाखल झाल्यावर भाऊच्या वकिलानं पवित्रा बदलला. बरं, बॅनर आमचा. पण बांधला कुणी? ह्या बाईच्याच मुलानं! तेव्हा चूक मुलाची, भाऊचा काय संबंध? चोराच्या उलट्या बोंबा. इतकी वर्षं ज्याला सांभाळला तो टाळ्या वाजवणारा एका मिनिटात बळी द्यायला पुढं ढकलला. वकीलबाई म्हणाली, आता त्याला साक्षीला बोलवावंच लागेल. तो म्हणाला मीच माझ्या मनानं बांधला, तर सगळं त्याच्यावर. तो म्हणाला मला माहीत नाही, तर सगळं पाण्यात. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला एका शब्दानं काही सांगितलं नाही. भात वाढला. त्यानं न कालवता खाल्ला.

तो पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा भाऊ मागच्या बाकावर पांढऱ्या कपड्यांत बसला होता, दोन बाजूंना दोन शुभेच्छुक. लेकानं एकदा तिकडं बघितलं.

"पहिला बॅनर तुम्ही बांधला?" वकीलबाईनं विचारलं.

"हो."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

त्यानं ओठ चाटले. माझ्या हातातल्या पिशवीचा बंद मी पिळून पिळून तोडला होता. "भाऊंच्या," तो म्हणाला. "रातच्याला बोलवून सांगितला, सकाळी दिसला पायजे. मी बोल्लो तार न्हाय, सुतळी हाय, सुतळीवर राहाचा न्हाय. ते बोल्ले बांध, उद्याच्याला उतरवायचाच हाय."

मग वेलचीवाला उठला. त्याला सोडायचं नव्हतंच. "म्हणजे तो पडू शकतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुमची आई रोज त्याच रस्त्यानं बाजारात जाते हेही माहीत होतं?"

लेक खाली बघून काहीतरी पुटपुटला. न्यायाधीशांनी सांगितलं, मोठ्यानं बोला. "हो," तो म्हणाला.

पुढं निकाल आमच्या बाजूनं लागला. काही भाग लेकाच्या नावावर लावला, पण मोठा वाटा भाऊवर. भाऊ वरच्या कोर्टात गेला, ते अजून चालू आहे. त्याला कोर्टाची घाई नाही, आणि माझं नाक काही परत यायचं नाही. पण त्या दिवशी, साक्ष संपल्यावर काय झालं ते सांगायचं राहिलं.

आम्ही बाहेर येऊन चहाच्या टपरीशी उभे होतो. लेकानं मोबाईल काढला, बघितला आणि त्याचा चेहरा पडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं कुणी मेलं.

"भाऊंनी मना ग्रुपवरून काढला, आये."

माझं डोकंच फिरलं. जे काही उरलंय ते. "अरे मुडद्या," मी भर रस्त्यात ओरडले, "तुझ्या हातानं तुझ्या आयची कवटी फुटली, तवा तुझ्या डोल्यांत पानी न्हाय दिसला मना! आन त्या नालायकानं ग्रुपवरून काढला तर रडतोस?"

चहावाला बघायला लागला. लेकानं बाहीनं नाक पुसलं.

"तवा पन रडलेलो," तो म्हणाला. "तूच बेशुद्ध होतीस."

चहा आला होता. त्यानं माझा कप उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाला दूध करपलंय, दुसरा सांगतो. मी थांबले.